भिंतीत चिणलेला लेफ्टनंट पुढे 28 वर्षं जगला, त्याची गोष्ट

बॉस्टन बंदराच्या तोंडाशी कॅसल आयलंड आहे. नावापुरतंच बेट, भराव टाकून ते कधीच शहराला जोडलं गेलंय आणि आता तिथे लोक संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात. मधोमध ग्रॅनाइटचा पंचकोनी किल्ला आहे, फोर्ट इंडिपेंडन्स. या किल्ल्याची एक गोष्ट लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की ती खोटी म्हणणाऱ्याकडेच पुरावा मागितला जातो. तेच प्रकरण इथे उलगडून ठेवतो.

गोष्ट अशी. 1817 चा नाताळ. किल्ल्यावर रॉबर्ट मॅसी नावाचा तरुण लेफ्टनंट होता, वय 21, व्हर्जिनियाचा, सगळ्यांचा लाडका. पत्त्यांच्या डावात लेफ्टनंट गुस्ताव्हस ड्रेन या तापट तलवारबाजाने त्याच्यावर लबाडीचा आळ घेतला आणि द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. नाताळच्या दिवशी दोघं समोरासमोर आले. मॅसी पडला. सोबत्यांनी त्याच्या कबरीवर संगमरवरी स्मारक उभारलं आणि मग ड्रेनचा हिशेब चुकता करायचं ठरवलं. त्याला भरपूर दारू पाजली, किल्ल्याच्या पोटातल्या एका कोठडीत नेलं, साखळदंडांनी जखडलं आणि कोठडीच्या तोंडाशी विटांचा थर चढवत नेला. शेवटची वीट बसली आणि ड्रेन जगातून नाहीसा झाला.

दहा वर्षांनी त्याच किल्ल्यावर एक नवा शिपाई आला. त्याने स्मारकावरचा मजकूर वाचला, जुन्या लोकांना खोदून खोदून विचारलं आणि सगळी हकिकत काढून घेतली. वरिष्ठांच्या कानावर हे गेलं. त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि ही गोष्ट किल्ल्याबाहेर जाणार नाही असं वचन घेतलं. शिपायाने वचन पाळलं, पण लेखकाच्या पद्धतीने. जागा बदलली, देश बदलला, इटलीतला कार्निव्हल आणला आणि शत्रूला दारूच्या आमिषाने तळघरात नेऊन भिंतीत चिणण्याची कथा लिहिली. त्या शिपायाचं नाव एडगर ॲलन पो, पुढे भयकथांसाठी गाजलेला अमेरिकी लेखक, आणि ती कथा 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो'. पुढे 1905 साली किल्ल्यात काम करणाऱ्या मजुरांना एक बुजवलेली कोठडी सापडली, आत साखळदंड, जुन्या गणवेशाच्या चिंध्या आणि सांगाडा.

अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे, यात वाद नाही. ती हजारो लोकांपर्यंत पोचवली एडवर्ड रो स्नो या माणसाने, आणि प्रकरण समजून घ्यायचं तर आधी हा माणूस समजून घ्यावा लागतो.

स्नो 1902 साली बॉस्टनजवळच्या विन्थ्रॉपमध्ये जन्मला. आजोबा जहाजाचे कप्तान, आईचं लहानपण वडिलांच्या जहाजावर गेलेलं. घरात समुद्राशिवाय दुसरा विषय नसावा. शाळा संपल्यावर हा काही वर्षं जहाजांवर भटकला आणि उशिरा हार्वर्डला जाऊन 1932 मध्ये पदवीधर झाला. मग गावच्याच शाळेत इतिहास शिकवू लागला. 1935 मध्ये बॉस्टन बंदरातल्या बेटांवरचं त्याचं पहिलं पुस्तक आलं. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हवाई दलाच्या बाराव्या बॉम्बर कमांडमध्ये होता. 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर जखमी झाला आणि 1943 मध्ये घरी परतला. त्यानंतर जणू बांध फुटला. वादळं, फुटलेली जहाजं, चाचे, दीपगृहं, भुतं, पुरलेली धनं: पुस्तकामागून पुस्तक, रेडिओवरचे कार्यक्रम, सभागृहांतली व्याख्यानं, क्विन्सीच्या 'पेट्रिअट लेजर' दैनिकातला स्तंभ. 1982 मध्ये मरेपर्यंत तो थांबला नाही. पुस्तिका धरल्या तर छापील कामांची संख्या शंभराच्या घरात जाते.

हा माणूस खुर्चीत बसून थापा मारणारा नव्हता, हे इथे नोंदवलं पाहिजे. बंदरातली बेटं त्याने छोट्या होडीतून पालथी घातली होती. 1929 मध्ये बिल विन्कपॉ नावाच्या वैमानिकाने नाताळात दीपगृहांवर विमानातून भेटींची गाठोडी टाकायची प्रथा सुरू केली होती. 1936 पासून स्नो तिच्यात सामील झाला आणि पुढची कित्येक दशकं सांताक्लॉजचा वेष घालून विमानाच्या खिडकीतून कॉफी, मिठाई, वर्तमानपत्रं आणि आपलं एखादं पुस्तक दीपगृहावरच्या कुटुंबांसाठी टाकत राहिला. 1945 मध्ये तर कमालच झाली. एका जुन्या पुस्तकातल्या अक्षरांवर सुईने टोचलेली भोकं होती. ती सांकेतिक खूण उलगडून त्याने केप कॉडवरच्या चॅटमला वाळूत खोदलं आणि तांब्याच्या पेटीत तीनशेवर जुनी नाणी मिळवली. सांकेतिक लिपी आणि पुरलेला खजिना, हाही पोच्याच एका कथेचा विषय. अशा माणसाने 'किल्ल्यात सांगाडा सापडला' असं सांगितल्यावर श्रोत्याने शंका का घ्यावी?

आता तपासणीकडे वळू.

गोष्टीत कितीतरी गोष्टी खऱ्या आहेत, आणि माझ्या मते याच प्रकरणाचं मर्म आहेत. मॅसी खरा. 25 डिसेंबर 1817 ही तारीख खरी. द्वंद्वयुद्ध खरं, प्रतिस्पर्धी ड्रेन खरा. स्मारकही खरं, त्यावर मॅसीचं नाव, वय, तारीख आणि विल्यम कॉलिन्स या इंग्रज कवीच्या दोन ओळी थोड्या बदलून कोरलेल्या आहेत. एवढंच नाही, मॅसीच्या अवशेषांची पुढची भटकंती कुठल्याही भूतकथेपेक्षा विचित्र आहे आणि ती कागदोपत्री खरी आहे. 1892 मध्ये त्याला कॅसल आयलंडवरून उचलून गव्हर्नर्स आयलंडवर नेलं. 1908 मध्ये तिथून डीअर आयलंडवर. 1939 मध्ये तिथूनही काढून, समुद्रापासून चांगलंच आत असलेल्या फोर्ट डेव्हन्सच्या लष्करी कबरस्तानात. दर वेळी स्मारकाचा दगड त्याच्याबरोबर गेला. गव्हर्नर्स आयलंड तर नंतर सपाट करून विमानतळाच्या पोटात घातलं. तेव्हा मॅसी तिथेच राहिला असता तर त्याच्यावर धावपट्टी आली असती. तलवारीने एकदा मेलेला माणूस सरकारी कामकाजाने तीनदा उठवला, असं म्हणायला हरकत नाही.

पोचा भागही बराचसा खरा. 26 मे 1827 रोजी तो बॉस्टनमध्ये सैन्यात भरती झाला. नाव लावलं एडगर ए. पेरी, वय सांगितलं 22. खरं वय होतं 18. महिन्याला पाच डॉलर पगार. पहिल्या तोफखाना रेजिमेंटची त्याची तुकडी फोर्ट इंडिपेंडन्सवर होती आणि 8 नोव्हेंबरला जहाजाने दक्षिण कॅरोलायनाच्या फोर्ट मोल्ट्रीकडे निघेपर्यंत तो तिथेच होता. म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने. मॅसीचं स्मारक तेव्हा किल्ल्याबाहेर उभं होतं. अठरा वर्षांच्या, कवितांचं पहिलं पुस्तक नुकतंच छापायला दिलेल्या पोराने ते वाचलं नसेल असं म्हणणंच अवघड. वाचलं असेलच, असं मीही म्हणेन.

घोडं पेंड खातं ते ड्रेनपाशी.

गुस्ताव्हस ड्रेन मेला नव्हता. द्वंद्वयुद्धाबद्दल त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. तो सैन्यातच राहिला, पुढे कॅप्टन झाला आणि 1846 मध्ये मेला. म्हणजे ज्या काळात गोष्टीप्रमाणे त्याची हाडं विटांमागे झिजत होती, त्या काळात हा गृहस्थ पगार घेत होता, बढती घेत होता. पो शिपाई म्हणून ज्या सैन्यात सलाम ठोकत होता, त्याच सैन्यात ड्रेन अधिकारी होता. आणि योगायोग बघा: पोची ती कथा एका मासिकात छापून आली नोव्हेंबर 1846 मध्ये. ज्याला म्हणे भिंतीत चिणलं, तो माणूस कथा छापली जाण्याच्या त्याच वर्षी आपल्या मरणाने गेला.

हे शोधायला गुप्तहेर लागत नव्हता. अमेरिकी सैन्यात 1789 पासून जे जे कमिशनप्राप्त अधिकारी झाले त्यांची नेमणूक, बढती, मृत्यू यांच्या नोंदी एकत्र करणारी फ्रान्सिस हाइटमनची दोन खंडांची सूची सरकारने 1903 मध्ये छापली. सांगाडा सापडल्याचं सांगतात ते 1905 साल. गोष्टीचा पुरावा उगवण्याआधी दोन वर्षं तिचं उत्तर ग्रंथालयाच्या फडताळात होतं.

स्नोसारख्या माजी सैनिकाने तरी इथे थबकायला हवं होतं, असं मला वाटतं. सैन्यात माणूस असा हवेत विरत नाही. त्या काळीही दर दोन महिन्यांनी हजेरीपट भरला जाई. हजर, आजारी, रजेवर, अटकेत, पळालेला, मेलेला, प्रत्येक माणसाचा रकाना ठरलेला, आणि पगार त्यावरच निघे. शिपाई एक वेळ कमी पडला तर चालेल, अधिकारी कमी पडला तर वर वॉशिंग्टनपर्यंत विचारणा होते. त्यातही ड्रेन नुकताच द्वंद्वयुद्धात सापडलेला, चौकशी डोक्यावर असलेला अधिकारी. अशा माणसाची गैरहजेरी सगळ्या तुकडीने मिळून दडपली, आणि नंतर दहा वर्षांत एकाही तोंडून फुटली नाही, पण एका नवख्या शिपायाला मात्र सगळं सांगून टाकलं. असं कुठे होतं का?

किल्ल्याचाही एक मुद्दा आहे, तो सहसा कोणी काढत नाही. आज दिसतो तो ग्रॅनाइटचा किल्ला 1817 मध्ये नव्हता. तेव्हाचा किल्ला विटांचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. 1833 पासून सिल्व्हेनस थेयर या अभियंत्याच्या देखरेखीखाली त्या जागी नवा किल्ला उभा राहू लागला आणि काम 1851 पर्यंत चाललं. तेव्हा 1817 ची कोठडी, तिच्यातल्या साखळ्या आणि विटांसकट, या सगळ्या उलथापालथीतून बचावून 1905 मध्ये मजुरांच्या हाती कशी लागली? श्रद्धावान म्हणेल, जुन्या पायाचा एखादा कोपरा खाली राहिला असेल. राहिला असेलही. पण मग त्यात ड्रेन नव्हता एवढं नक्की.

मग पोला भिंतीत चिणण्याची कल्पना सुचली कुठून? अभ्यासक ज्याकडे बोट दाखवतात तो लेख काळाने फार लांबचा नाही. 1844 मध्ये जोएल हेडली या लेखकाचा 'अ मॅन बिल्ट इन अ वॉल' हा प्रवासलेख अमेरिकेतल्या एका मासिकात आला होता. इटलीतल्या एका चर्चच्या भिंतीत उभ्याने चिणलेला सांगाडा आणि तो पाहताना थर चढत गेल्याचं रंगवलेलं दृश्य त्यात आहे. इटली, भिंत, थरावर थर, सांगाडा, सगळं तयार. फ्रेंच लेखक बाल्झाकच्या एका कथेतही कोठडी बुजवून माणूस मारला जातो. आणि सूडाची धग शोधायला जवळजवळ वीस वर्षं मागे किल्ल्यावर जायची गरज नाही. 1846 मध्ये पो न्यूयॉर्कच्या साहित्यिकांशी उघड भांडत होता. त्याच्यावर झालेल्या लिखाणाबद्दल त्याने एका वर्तमानपत्रावर बदनामीचा दावा लावला आणि पुढच्या वर्षी 225 डॉलर भरपाई मिळवली. शिवाय मांजरासकट प्रेत भिंतीत लपवण्याची कथा त्याने 1843 मध्येच लिहिली होती. हा विषय त्याच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला होता.

आपल्यालाही हा विषय परका नाही. अनारकली भिंतीत चिणली गेली हे आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकाइतकं पक्कं मानणारे भेटतात, आणि पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली माणसं जिवंत गाडल्याची कथा गडावर आजही सांगतात. मोठी भिंत दिसली की तिच्यात कोणीतरी असणारच, असं माणसाला वाटतं. फरक इतकाच, की ड्रेनच्या बाबतीत आपल्याकडे त्याच्या नोकरीचा कागद आहे.

आता खरा प्रश्न. स्नोने हे मुद्दाम केलं का?

मला तसं वाटत नाही. गोष्टीची रचना पाहिली की तिचा जोड कुठे आहे ते दिसतं. एका टोकाला खरी कबर, दुसऱ्या टोकाला खरा लेखक, आणि मधे एक पूल: सूड, कोठडी, वचन, सांगाडा. दोन्ही टोकं ज्याला हवी त्याला तपासता येतात. दगडावरची तारीख वाचा, बरोबर. पोची भरती शोधा, बरोबर. दोनदा बरोबर निघाल्यावर तिसऱ्यांदा कोण तपासतो? पूल मात्र अशा सामानाचा, की ज्याचा साक्षीदारच उरत नाही. कोठडी बुजवलेली, सांगाडा पुरलेला, वचन तोंडी. गोष्ट इतकी नेटकी बसवलेली आहे की ती बसवणारा एक माणूस नसून अनेक तोंडं असावीत असाच माझा अंदाज आहे. स्नोने तिला शेवटचा, टिकाऊ आकार दिला.

आणि ते माध्यम. पुस्तकात लेखक 'असं म्हणतात' लिहू शकतो, तळटीप टाकू शकतो. रेडिओवर तळटीप नसते. आवाज चढतो, थांबतो, शेवटची वीट बसते, आणि ऐकणारा त्या विरामात 'असं म्हणतात' विसरून जातो. स्नोचा आवाज मोठा होता, बोलण्यात जोर होता. सभेत ऐकणाऱ्याला घरी नेण्यासाठी एक प्रसंग पुरतो. दोन खंडांची सूची कोणी घरी नेत नाही. पुढच्या पिढीत तोच प्रसंग पर्यटनाच्या पत्रकात आला, मग मार्गदर्शकाच्या तोंडी, आणि प्रत्येक टप्प्यावर एक 'कदाचित' गळत गेला.

तुलनेसाठी स्नोचीच दुसरी गाजलेली गोष्ट घेऊ. जॉर्जेस आयलंडवरच्या फोर्ट वॉरनमध्ये यादवी युद्धात दक्षिणेचे कैदी ठेवले होते. त्यांच्यातल्या लॅनिअर नावाच्या एकाची बायको पुरुषाच्या वेषात त्याला सोडवायला आली, तिच्या हातच्या पिस्तुलाचा स्फोट होऊन नवराच मेला, आणि तिला काळ्या वस्त्रात फाशी दिली. ती काळ्या कपड्यातली बाई अजून दिसते. या गोष्टीला कागदाचा आधार नाही. कैद्यांच्या नोंदीत तो लॅनिअर नाही, बाईच्या फाशीची नोंद नाही. तरी मला ही गोष्ट ड्रेनच्या गोष्टीपेक्षा निरुपद्रवी वाटते, कारण त्यात खऱ्या माणसाच्या नावावर काही चिकटवलेलं नाही. मॅसीच्या सोबत्यांचं तसं नाही. एका खऱ्या तुकडीतल्या खऱ्या सैनिकांना, ज्यांनी वर्गणी काढून मित्राचा दगड उभारला, आपण पिढ्यान्पिढ्या थंड डोक्याचे खुनी ठरवत आलो. ड्रेनचं काय? तो सुटलेला आरोपी होता. गोष्टीने त्याला दोषी ठरवलं, शिक्षाही देऊन टाकली.

पण याच काळ्या बाईने किल्ला वाचवायला मदत केली, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याला फोर्ट वॉरन नकोसा झाला होता. स्नोने लेख, भाषणं, सहली काढून लोकांना त्या बेटावर नेलं, ते जतन व्हावं म्हणून पाठपुरावा केला. 1958 मध्ये राज्याच्या यंत्रणेने जॉर्जेस आयलंड संघराज्य सरकारकडून घेतलं आणि ते लोकांसाठी खुलं झालं. 1996 पासून बॉस्टन बंदरातली बेटं राष्ट्रीय उद्यानाच्या यादीत आहेत. त्यातल्या एका बेटावर स्नोचं स्मारक आहे. इतिहासकाराने कागद दाखवून किती लोकांना होडीत बसवलं असतं, मला शंका आहे. भुताने बसवलं.

म्हणून या प्रकरणात 'दंतकथा विरुद्ध इतिहास' असा सरळ खटला मला मांडता येत नाही. मार्गदर्शकाला माझी सूचना एवढीच, की कॅसल आयलंडवर ड्रेनची गोष्ट सांगावी, पूर्ण रंगवून सांगावी, आणि शेवटची वीट बसल्यावर लगेच सांगावं की हा माणूस नंतर कॅप्टन झाला. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतील. मॅसीच्या दगडाचा तीन ठिकाणचा प्रवास त्यात जोडावा, तो आजवर उगाच तळटीपेत पडून आहे. पो आणि किल्ला यांचा संबंध सांगावाच: अठरा वर्षांचा, खोट्या नावाने भरती झालेला, पुढे दोन वर्षांच्या आत सार्जंट मेजरपर्यंत चढलेला शिपाई इथे राहिला होता, आणि त्याच काळात त्याचं पहिलं पुस्तक 'एका बॉस्टनकराने' एवढ्याच नावाने अवघ्या पन्नासेक प्रतींत निघालं होतं. हे सगळं खरं आहे, आणि त्याला सांगाडा लागत नाही.

1905 च्या सांगाड्याचं काय करायचं, हा मुद्दा उरतो. तो मानायचा तर त्या वर्षीचं बॉस्टनचं वर्तमानपत्र, किल्ल्याच्या अभियंत्याची नोंद किंवा मृत्यू-तपासणी अधिकाऱ्याचा अहवाल, यांपैकी एक तरी समोर यायला हवं. शहराच्या हद्दीत साखळदंडांत माणसाची हाडं सापडली तर तिघांपैकी एकाने तरी लेखणी उचललीच असती. ते कागद कोणी आणले तर सांगाडा कोणाचा, हा नवा प्रश्न उघडेल. ड्रेनची फाईल मात्र बंद आहे.